संशोधनाचे पद आणि पदाच्या अटी : कलकत्ता विद्यापीठातील पालित अध्यासन

प्रस्तावना :

विद्यापीठांतील विज्ञानविषयक पदभरतीची चर्चा बहुधा उमेदवाराच्या पात्रतेभोवती फिरते. पद कोणत्या अटींवर निर्माण झाले, हा प्रश्न मात्र मागे पडतो. या प्रश्नाचे महत्त्व कलकत्ता विद्यापीठाच्या उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका :

जगदीशचंद्र बोस १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी महाविद्यालयात रुजू झाले, तेव्हा त्यांना युरोपीय प्राध्यापकांहून कमी वेतन देऊ करण्यात आले. निषेध म्हणून त्यांनी तीन वर्षे वेतन स्वीकारले नाही. एडिनबरोची डी.एस्सी. पदवी मिळविलेल्या प्रफुल्लचंद्र राय यांना १८८९ मध्ये त्याच महाविद्यालयात मिळाले ते दरमहा २५० रुपयांचे तात्पुरते पद. पुढे १८९६ च्या पुनर्रचनेत इंग्लंडमध्ये निवड होणारी 'इम्पीरियल' आणि भारतात निवड होणारी 'प्रॉव्हिन्शियल' अशी शिक्षणसेवेची विभागणी झाली. विषमतेला अशा रीतीने नियमाचे रूप प्राप्त झाले.

पालित अध्यासन :

या पार्श्वभूमीवर तारकनाथ पालित यांनी १९१२ मध्ये विद्यापीठास दिलेली देणगी महत्त्वाची ठरते. तिच्यातून निर्माण होणारी प्राध्यापकपदे भारतीयांनाच द्यावीत, अशी त्यांची अट होती. पुढील वर्षी रासबिहारी घोष यांनीही मोठी देणगी दिली आणि १९१४ मध्ये विज्ञान महाविद्यालयाची पायाभरणी झाली.

भौतिकशास्त्राच्या पालित प्राध्यापकपदासाठी कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी चंद्रशेखर वेंकट रामन यांची निवड केली. रामन हे वित्तखात्यातील अधिकारी होते आणि कार्यालयीन वेळेनंतर 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेत प्रयोग करीत. परदेशी प्रशिक्षणाची अट त्यांना मान्य नव्हती. ती शिथिल करण्यात आली. सरकारी नोकरीहून कमी वेतन पत्करून ते १९१७ मध्ये रुजू झाले. १९२८ चा रामन परिणाम आणि १९३० चे नोबेल पारितोषिक ही त्यानंतरची फलश्रुती होय.

तरुणांच्या नियुक्त्याही तितक्याच बोलक्या आहेत. मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस हे डॉक्टरेट नसतानाच तेथे अध्यापक झाले. साहांचा आयनीभवनविषयक सिद्धान्त १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. बोस १९२१ मध्ये ढाका विद्यापीठात रीडर झाले आणि तेथून १९२४ मध्ये त्यांनी आपला सुप्रसिद्ध शोधनिबंध आइन्स्टाइन यांच्याकडे पाठविला.

निष्कर्ष :

केवळ पदनिर्मितीने संशोधन घडते, असे यावरून म्हणता येणार नाही. व्यक्तींची प्रतिभा निर्णायक होतीच. परंतु बोस आणि राय यांच्याकडेही प्रतिभा होती, तरी तिची बरीचशी शक्ती पदाशी झगडण्यात खर्ची पडली. पालित अध्यासनाने स्थैर्य, प्रतिष्ठा आणि संशोधनासाठी वेळ दिला. निवडकर्त्यांनी नियमापेक्षा गुणवत्तेला प्राधान्य दिले. आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांत अनेक जागांवर तासिका तत्त्वावर अध्यापक नेमले जातात आणि त्यांच्याकडूनही शोधनिबंधांची अपेक्षा केली जाते. अशा वेळी अध्यापकाने किती संशोधन केले, याबरोबरच त्याच्या पदाने त्याला संशोधनासाठी काय दिले, हेही विचारले गेले पाहिजे.