वय वर्षे सात : गिरणीतील मुले आणि वयाचा दाखला

मुंबईच्या गिरणीत किती वर्षांचे मूल कामाला ठेवता येईल, या प्रश्नाला कायद्याने पहिले उत्तर दिले ते १८८१ मध्ये : सात वर्षांचे. या आकड्याविषयी हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या निघाल्या. वीस वर्षांत त्यांची स्पर्धा लँकेशायरला जाणवू लागली आणि तेथील गिरणीमालकांना हिंदी मजुरांची अकस्मात कणव आली. (सगळीच कणव खोटी नव्हती. १८७५ मध्ये हा प्रश्न उमरावांच्या सभेत मांडणारे लॉर्ड शाफ्ट्सबरी इंग्लंडमधील मुलांसाठीही आयुष्यभर झगडले होते.) त्यामुळे आपल्याकडील अनेक वृत्तपत्रांनी कायद्याला विरोध केला. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखे कायद्याची मागणी करणारे मोजकेच.

१८८१ चा कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि १०० हून कमी माणसे नसलेल्या कारखान्यांना लागू झाला. ७ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ तास काम, १ तास सुटी, महिन्यात ४ रजा. प्रौढांच्या तासांना मर्यादाच नव्हती. म्हणजे बारा पूर्ण झाली की मूल कायद्याच्या दृष्टीने प्रौढ.

पण मूल बारा वर्षांचे आहे की नऊ, हे ठरवायचे कसे? कोकणातून वा घाटावरून आलेल्या कुटुंबाकडे जन्माची नोंद कुठली असणार! भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या चढवणाऱ्या पोराचे वय आईबाप सांगतील ते, जॉबर मानेल ते, आणि फारच झाले तर डॉक्टर अंगकाठी पाहून ठरवील ते.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघाताची भरपाई अशा त्यात मागण्या होत्या. मुलांच्या वयाविषयी मात्र एकही नव्हती. मला यात निष्काळजीपणा दिसत नाही. पोराचा पगार घरखर्चात धरलेला असे.

१८९१ मध्ये किमान वय ९ झाले, तास ७ वर आले. १९११ मध्ये कापडगिरण्यांत ६ तास, शिवाय वयाचा आणि प्रकृतीचा दाखला सक्तीचा. १९२२ मध्ये किमान वय १२ झाले.

तास घटले तशी दाखल्याची किंमत वाढली. एका गिरणीत सकाळची पाळी आणि दुसऱ्या दाखल्यावर दुसऱ्या गिरणीत दुपारची, असे दुहेरी काम मुले करू लागली. मुंबई इलाख्यात, विशेषतः अहमदाबादेत, हा प्रकार चाले. कागदावर दोन्ही गिरण्या निर्दोष.

अखेर १९२६ च्या दुरुस्तीने एकाच दिवशी दोन कारखान्यांत मूल पाठवण्याबद्दल दंड ठेवला. तो भरायचा होता आईबापांनी.