गाडीतला फ्रीज: बर्फ, ज्योत आणि बॅटरी यांची दोनशे वर्षांची कथा

१/१४
घरातल्या फ्रीजची पिन भिंतीत खोचली की वीज कुठून येते, हा प्रश्न कोणाला पडत नाही. कॅम्पर व्हॅनमध्ये मात्र भिंतही नसते आणि वीजमंडळाची तारही नसते. त्यामुळे तिथे 'किती लिटरचा फ्रीज?' याआधी 'तो चालणार कशावर?' हे ठरवावे लागते. आज या प्रश्नाची जी तीन उत्तरे बाजारात मिळतात, त्यांची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. त्यांच्या इतिहासात दोन स्वीडिश विद्यार्थी येतात आणि अल्बर्ट आइन्स्टाइनही येतात.

२/१४
आधी मूळ तत्त्व. माठातले पाणी गार का होते? माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी बाष्प होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. जवळजवळ प्रत्येक फ्रीज म्हणजे असाच एक माठ आहे. फरक इतकाच, की त्यात उडून गेलेले द्रव्य पकडून पुन्हा द्रवरूपात आणावे लागते. ते परत आणण्यासाठी जी शक्ती लागते, तिचाच हा इतिहास आहे.

३/१४
१८३४ हे वर्ष या कथेत दोनदा येते. त्या वर्षी लंडनमध्ये जेकब पर्किन्स यांनी बाष्प दाबून पुन्हा द्रव करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. आजच्या कॉम्प्रेसर फ्रीजचा हा पूर्वज. त्याच वर्षी फ्रान्समध्ये झाँ पेल्तिए यांनी दाखवले, की दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून वीज सोडली तर सांध्याचे तापमान बदलते. प्रवाहाच्या दिशेप्रमाणे तो तापतो किंवा गार पडतो. जगाला मात्र तेव्हा गारवा मिळत होता तो तळ्यांतल्या बर्फातून. १८३३ मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांच्या व्यापारातले 'टस्कनी' हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले आणि सुमारे १०० टन बर्फ तिथे पोहोचले. त्याच दशकात मुंबईनेही अमेरिकेचा बर्फ चाखला.

४/१४
चाकांवरच्या घरातही आधी बर्फच आला. जर्मनीत १९५१ पासून वेस्टफालिया कंपनीने फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बसेल असे लाकडी सामान विकायला सुरुवात केली. त्या काळच्या कॅम्पर गाड्यांत थंड ठेवण्याची सोय म्हणजे बर्फाची पेटी. वीज नको, आवाज नाही, बिघाड नाही. पण बर्फ वितळला की प्रवासाचा मार्ग बर्फाच्या दुकानावरून न्यावा लागे.

५/१४
या बंधनातून सुटण्याचा मार्ग एका विलक्षण कल्पनेत दडलेला होता: आगीने गारवा निर्माण करणे. १८५९ मध्ये फ्रान्सच्या फर्डिनांड कारे यांनी अमोनिया आणि पाणी वापरणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पाणी अमोनिया शोषून घेते आणि ते द्रावण तापवले की अमोनिया पुन्हा मोकळा होतो. बाष्प दाबण्याचे काम अशा रीतीने उष्णतेवर सोपवता आले. अमेरिकी यादवी युद्धात नाकेबंदीमुळे उत्तरेचा बर्फ तुटला, तेव्हा दक्षिणेकडील राज्यांनी कारे यांची यंत्रे चोरून आणली होती.

६/१४
कारे यांच्या यंत्राला तरीही द्रावण ढकलण्यासाठी पंप लागे. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातील बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुन्टर्स या विद्यार्थ्यांनी तो पंपच काढून टाकला. दोघेही तेव्हा पंचविशीच्या आसपासचे. त्यांच्या यंत्रात फिरणारा एकही भाग नव्हता. तापलेल्या नळीतले बुडबुडेच द्रावण वर चढवत आणि पुढचा प्रवास गुरुत्वाकर्षण करी. इलेक्ट्रोलक्स कंपनीने १९२५ पासून हा फ्रीज बाजारात आणला.

७/१४
त्यांची खरी करामत होती हायड्रोजन. कोकणात पावसाळी दमट हवेत माठ फारसा गार होत नाही. विदर्भातल्या कोरड्या वाऱ्यात मात्र चांगला होतो. हवेत बाष्प कमी असले की पाणी भराभर उडते. प्लाटेन-मुन्टर्स यांच्या बंद पोलादी नळ्यांत हायड्रोजन हाच तो कोरडा वारा आहे. त्याच्या संगतीत अमोनियाचे बाष्प सहज होते. पुढे पाणी अमोनिया शोषून घेते आणि हलका हायड्रोजन पुन्हा वर जातो. एक छोटी ज्योत हे चक्र वर्षानुवर्षे, निःशब्दपणे चालवू शकते.

८/१४
निःशब्दतेपेक्षाही मोठी गोष्ट होती सुरक्षितता. त्या काळच्या कॉम्प्रेसर फ्रीजमध्ये मिथिल क्लोराइड किंवा सल्फर डायऑक्साइडसारखे विषारी वायू असत आणि हलत्या भागांच्या सांध्यांतून ते गळत. बर्लिनमधले एक कुटुंब अशा गळतीने झोपेतच मरण पावल्याची बातमी आइन्स्टाइन यांनी वाचली आणि ते हेलावले, असे लिओ सिलार्ड यांचे चरित्रकार सांगतात. १९२६ पासून या दोघांनी हलत्या भागांविना चालणाऱ्या फ्रीजच्या रचना केल्या. १९३० मध्ये त्यांना अमेरिकी पेटंट मिळाले. त्यांच्या पेटंटांपैकी काही इलेक्ट्रोलक्सने विकत घेतली, पण तो फ्रीज कधी बाजारात आला नाही.

९/१४
कारण १९३० मध्येच फ्रेऑनची घोषणा झाली. हा वायू विषारी नव्हता आणि जळतही नव्हता. घरोघरी कॉम्प्रेसर फ्रीज गेला. या सोयीची किंमत ओझोनच्या थराने मोजली, हे कळायला काही दशके लागली. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारापासून फ्रेऑन वर्गातील वायूंना उतरती कळा लागली.

१०/१४
वीज पोहोचली तिथे कॉम्प्रेसर जिंकला; जिथे तार संपली तिथे ज्योत टिकली. रॉकेल आणि गॅसवर चालणाऱ्या शोषण-फ्रीजांनी विजेविना असलेल्या आरोग्यकेंद्रांत लसी २ ते ८ अंशांवर सांभाळल्या. तोच फ्रीज कॅम्पर गाड्यांतही आला, तीन तोंडांचा होऊन: थांबल्यावर गॅस, धावताना गाडीची १२ व्होल्ट वीज आणि तंबूतळावर घरगुती वीज. १९८० च्या दशकातील फोक्सवॅगन-वेस्टफालिया गाड्यांत असा फ्रीज असे. इलेक्ट्रोलक्सचा हा व्यवसाय २००१ मध्ये वेगळा होऊन डोमेटिक या नावाने स्वतंत्र झाला.

११/१४
ज्योतीच्याही अटी होत्या. सारा प्रवाह गुरुत्वाकर्षणावर असल्याने गाडी समतल उभी करावी लागते. उतारावर द्रावण अडते, बॉयलर कोरडा तापतो आणि यंत्र कायमचे बिघडू शकते. ज्योत नीट जळली नाही, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेत जुन्या सर्व्हेल गॅस-फ्रीजांबाबत ग्राहकसुरक्षा आयोगाला याच कारणाने इशारा द्यावा लागला. एका विषारी वायूपासून वाचवणारे यंत्र निष्काळजीपणे वापरले, तर दुसरा विषारी वायू घरात आणत होते. म्हणून अशा फ्रीजला बाहेर उघडणारी हवेची वाट अनिवार्य असते.

१२/१४
आणि उष्णतेचे काम विजेकडून करून घेणे महागात पडते. शोषण-फ्रीज १२ व्होल्टवर सुमारे १० ॲम्पिअर सतत ओढतो, म्हणजे १२० वॅट. १०० ॲम्पिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी निम्मीच वापरावी, असा संकेत आहे. म्हणजे पाच तासांत खेळ संपला. म्हणून ती वीज फक्त इंजिन चालू असताना. उलट ४५ वॅटचा लहान कॉम्प्रेसर दिवसाचा एक तृतीयांश वेळ चालला, तर सुमारे ३० ॲम्पिअर-तास लागतात. उन्हाळ्यात निम्मा वेळ चालला तर ४५. तीच बॅटरी आता साधारण एक दिवस पुरते. ती इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी ठेवली, तर सकाळी गाडीही सुरू होते.

१३/१४
पारडे पूर्ण फिरले ते दोन शोधांमुळे. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेने सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेची सिलिकॉन सौरघटी दाखवली. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम आयर्न फॉस्फेटचे बॅटरीतील गुण प्रसिद्ध केले. अशी बॅटरी बरीच खोलवर वापरता येते. छतावरचे १०० वॅटचे पॅनल चार-पाच तास चांगल्या उन्हात कागदावर ४०० ते ५०० वॅट-तास देते, प्रत्यक्षात त्याहून कमी. कॉम्प्रेसरची रोजची भूक ३६० ते ५४०. हिशोब जुळतो, पण काठावर. ढगाळ दिवसासाठी दुसरे पॅनल शहाणपणाचे. आणि १८३४ चा पेल्तिए? त्याच्या तत्त्वावरच्या स्वस्त पेट्या बाहेरच्यापेक्षा साधारण २० अंशच खाली जातात. मे महिन्यातल्या नागपुरात, ४५ अंशांत, आत २५. ४८ वॅटची पेटी दिवसभर चालली तर ९६ ॲम्पिअर-तास खाते. त्यात दूध टिकत नाही, इन्सुलिनचा राखीव साठा तर ठेवूच नये.

१४/१४
म्हणजे उन्हात रोज फिरणाऱ्या गाडीला कॉम्प्रेसर, सौर पॅनल आणि वेगळी बॅटरी हे आजचे सरळ उत्तर आहे. झाडीत किंवा ढगाळ थंड प्रदेशात आठवडाभर एकाच सपाट जागी राहणाऱ्याला मात्र गॅसची ज्योत अजूनही अधिक भरवशाची वाटू शकते. दोन दिवसांच्या सहलीला बर्फाची पेटी पुरते, जशी १९५१ मध्ये पुरत होती. यांतले कुठलेच साधन इतिहासजमा झालेले नाही. प्रत्येकाने प्रवाशाला एका बंधनातून सोडवले आणि दुसऱ्यात बांधले: बर्फाने दुकानाशी, ज्योतीने सपाट जमिनीशी, बॅटरीने उन्हाशी. फ्रीज निवडताना त्यांतले कोणते बंधन आपल्या वाटेवर सोसवेल, एवढेच आधी पाहावे.