न वाचता येणारी अक्षरे : चित्रकार के. सी. एस. पणिक्कर

चेन्नईच्या आसमंताची ओळख आपल्याकडे बहुधा तीर्थक्षेत्रांवरून होते. श्रीपेरुंबुदूर म्हटले की रामानुजाचार्यांचे जन्मस्थान आठवते, कांचीपुरम म्हटले की मंदिरे आणि रेशीम. याच आसमंतात, शहरातून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर, इंजंबाक्कम येथे चित्रकार-शिल्पकारांचे एक गाव १९६६ पासून नांदत आहे. त्याचे नाव चोळमंडल. युरोपीय नकाशांवर ज्या शब्दाचे ‘कोरोमंडल’ झाले, तो मूळ शब्द गावाला देणारे संस्थापक होते के. सी. एस. पणिक्कर.

पणिक्करांचा जन्म १९११ मध्ये कोइंबतूर येथे एका मलयाळी कुटुंबात झाला. हिरवीगार शेते, नारळीची झाडे, पाण्याने भरलेले कालवे हे केरळचे दृश्य त्यांच्या आरंभीच्या चित्रांत सतत दिसते. वडिलांच्या निधनानंतर शिक्षण सोडून त्यांना तारखात्यात नोकरी धरावी लागली. मद्रासच्या कलाशाळेत ते दाखल झाले तेव्हा वयाची पंचविशी आली होती. तेथे देवीप्रसाद रॉयचौधुरी प्राचार्य होते. पुढे त्याच संस्थेत पणिक्कर शिक्षक झाले आणि १९५७ मध्ये प्राचार्यही. मुंबईत सूझा, आरा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह गट १९४७ मध्ये उभा राहिला, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. मद्रासमध्ये पणिक्करांनी प्रोग्रेसिव्ह पेंटर्स असोसिएशन त्याआधीच, १९४४ मध्ये स्थापन केली होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

१९५४ मध्ये त्यांची चित्रे लंडन व पॅरिस येथे प्रदर्शित झाली. परदेशी कलेचे सामर्थ्य जवळून पाहिलेल्या या चित्रकारापुढे एक प्रश्न उभा राहिला आणि तो पुढे त्यांना सुटला नाही. युरोपीय तंत्राने काढलेल्या चित्रात आपले असे काय उरते? देवदेवता किंवा ग्रामीण स्त्रिया रंगवल्या म्हणजे चित्र भारतीय होते, हे सोपे उत्तर त्यांना पटण्यासारखे नव्हते.

उत्तर आले ते अनपेक्षित जागेहून. १९६३ च्या आरंभी गणिताच्या एका विद्यार्थ्याच्या वहीचे पान त्यांच्या पाहण्यात आले. आकडे, बीजगणिताची चिन्हे, रेघा! अर्थ बाजूला ठेवून पाहिले तर ते पानच एक चित्र होते. (आपल्या शाळांतून अशी किती पाने रोज तपासली जातात, ती अशी कोण पाहतो?) तेथून ‘शब्द आणि प्रतीके’ ही मालिका सुरू झाली. जन्मपत्रिकेतील चौकटी, तांत्रिक आकृत्या, पक्षी, मासे आणि या सर्वांभोवती मलयाळम वळणाच्या अक्षरांच्या ओळी असे या चित्रांचे रूप आहे. त्या ओळी जुन्या पोथीसारख्या दिसतात, पण वाचायला गेल्यास काहीच हाती लागत नाही. मातृभाषेची लिपी अर्थ कळण्यापूर्वीच डोळ्यांत रुजलेली असते. मूल अक्षर आधी आकार म्हणून पाहते आणि मग ते वाचू लागते. पणिक्करांनी त्या पहिल्या पाहण्याकडे परतण्याचे धाडस वयाच्या पन्नाशीनंतर केले. त्यांच्या आधीच्या देखण्या निसर्गचित्रांपेक्षा ही चित्रे अधिक टिकाऊ ठरली, ती याच कारणाने.

मात्र अशी चित्रे विकत कोण घेणार? कलाशाळेतून उत्तीर्ण झालेले विद्यार्थी पोटासाठी मिळेल ती नोकरी पत्करून कुंचला खाली ठेवतात, हे प्राचार्य या नात्याने ते पाहत होते. त्यावर त्यांनी काढलेला मार्ग अगदी व्यवहारी होता. कलावंतांनी बाटिक व अन्य हस्तव्यवसाय करावेत आणि त्यातून पोट भरावे. चित्र मात्र गिऱ्हाइकाच्या मर्जीसाठी काढू नये. हस्तकलेच्या विक्रीतून आलेल्या पैशांतूनच समुद्राकाठची सुमारे दहा एकर रेताड जमीन घेतली गेली. आरंभी तेथे झोपड्याच होत्या. जे. सुलतान अली, एस. जी. वासुदेव, एम. सेनाथिपती असे एकमेकांहून अगदी भिन्न प्रकृतीचे कलावंत तेथे राहिले, हे विशेष. गुरूची नक्कल करणारा संप्रदाय तेथे निर्माण झाला नाही.

जानेवारी १९७७ मध्ये पणिक्कर निवर्तले. त्यांची अनेक चित्रे आज तिरुवनंतपुरम येथील संग्रहालयाच्या आवारात, त्यांच्याच नावाच्या दालनात आहेत. ती लिपी रोज वाचणाऱ्या माणसांच्या राज्यात.