काळी द्राक्षे, पांढरा रस

फ्रान्समधील शँपेन प्रांतात काळ्या द्राक्षांपासून पांढरी, फसफसणारी वाइन करतात. असे कळले की विद्यार्थी विचारणारच, "मग काळा रंग गेला कुठे?" या प्रश्नाच्या उत्तरात थोडे रसायनशास्त्र आहे, आणि विज्ञानाचा इतिहास कसा चुकीचा लिहिला जातो याचा एक नमुनाही आहे.

आधी रंगाचे पाहू. खालापूर तालुक्यातील कुंभिवलीसारख्या कोकणातल्या गावात द्राक्षबागा नसल्या, तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटावरची काळी द्राक्षे बाजारात येतात. त्यातले एक सोलून पाहावे. गर हिरवट-पांढरा दिसतो. अँथोसायनिन हे रंगद्रव्य बहुतेक जातींत फक्त सालीत असते. साले पाण्यात उकळून त्या पाण्यात लिंबू पिळले तर ते लाल होते. धुण्याचा सोडा घातला तर निळसर-हिरवे. करवंदाचा गर मात्र लालसर असतो, म्हणून सर्वच काळ्या फळांना हा नियम लावता येत नाही.

म्हणजे द्राक्षे हलक्या हाताने दाबून रस सालांपासून लगेच वेगळा केला, की तो पांढरा राहतो. शँपेनमध्ये आजही 4000 किलो द्राक्षांतून 2550 लिटरच रस घेण्याचा नियम आहे. ओव्हिलेर येथील मठाचे कोठार 1668 पासून सांभाळणाऱ्या दोम पेरिन्यों या साधूने 'पिनो नुआर' या काळ्या द्राक्षापासून स्वच्छ पांढरी वाइन करण्यात मोठे कौशल्य मिळवले.

परंतु लोकांना तो आठवतो तो बुडबुड्यांचा जनक म्हणून! वास्तविक बुडबुडे हा त्याला दोष वाटत असे. थंडीत किण्वन थांबे, वसंतात पुन्हा सुरू होई आणि कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडने बाटल्या फुटत. दुसरीकडे इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर मेरेटने डिसेंबर 1662 मध्येच रॉयल सोसायटीपुढे नोंदवले होते, की वाइन फसफसावी म्हणून व्यापारी तिच्यात साखर घालतात. कोळशाच्या भट्टीत बनलेली तिथली काच मजबूत असल्याने बाटल्या हा दाब सोसत. पेरिन्योंची दंतकथा रुजली ती त्याच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी, त्याच मठातील दुसऱ्या एका साधूने 1821 मध्ये लिहिलेल्या पत्रामुळे.

साखर किती घालायची हे मात्र कोणालाच नेमके ठाऊक नव्हते. तळघरात काम करणारे मजूर चेहऱ्यावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालत. 1836 च्या सुमारास फ्रान्स्वा या औषधविक्रेत्याने वाइनमधील साखर मोजण्याची रीत दिली. लिटरमागे सुमारे 24 ग्रॅम साखर यीस्टने संपवली, की बाटलीत जवळजवळ 6 वातावरणांचा दाब तयार होतो. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या तो सुमारे तिप्पट! यीस्ट हा सजीव आहे आणि किण्वन त्याच्यामुळे होते, हे पाश्चरने 1857 पासूनच्या प्रयोगांनी दाखवून दिले. 1874 मध्ये लुईझ पोमेरी यांनी इंग्लंडच्या ग्राहकांसाठी जवळजवळ साखर नसलेली वाइन काढली. अशा कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या वाइनला 'ब्रूट' म्हणतात.

हेच तंत्र 1980 च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगावला आले. शामराव चौगुले यांच्या कंपनीने फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन तयार केली व 'ओमर खय्याम' नावाने परदेशी पाठवली. ती कंपनी पुढे बंद पडली. परंतु आपल्या मातीत हे जमते, हे सिद्ध झाले.

'शोध कोणी लावला?' या प्रश्नाला मुलांना एकच नाव सांगणे सोपे असते. तसे करताना काच करणारे कारागीर, साखर मोजणारा औषधविक्रेता आणि मुखवटा घालून तळघरात उतरणारा मजूर इतिहासातून गळून पडतात. खुद्द पेरिन्योंवरही अन्यायच होतो. त्याने न केलेल्या कामाची कीर्ती त्याला मिळते आणि केलेले काम विसरले जाते. म्हणून द्राक्षाची साल वर्गात उकळावीच, आणि पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या शोधामागे आणखी कोणकोणाचे हात होते, हेही मुलांना शोधायला सांगावे.