सुट्टी नसलेला दिवस

६ जानेवारी १६६४, बुधवार. सुरतेच्या बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर पाव मैलावरच्या बागेत शिवाजीराजांचा तंबू ठोकला गेलाय आणि तुम्ही एका घोड्याचा लगाम धरून उभे आहात. घोडा तुमचा नाही. त्याचा स्वार शहरात शिरलाय. शहराचा मुघल अंमलदार इनायतखान किल्ल्यात दडी मारून बसलाय आणि तिथून तोफा डागतोय. गोळे मराठ्यांपेक्षा त्याच्याच रयतेच्या घरांवर जास्त पडताहेत. दुसऱ्या दिवशी त्याचा वकील बोलणी करायला म्हणून येतो आणि खंजीर काढून राजांच्या अंगावर धावतो. पहारेकरी त्याचा हात छाटतो, तरी तो राजांवर आदळतो, दोघेही खाली कोसळतात. रक्त पाहून छावणीत एकच ओरडा होतो, राजे गेले! कैद्यांवर तलवारी उठतात. राजे उठून उभे राहतात तेव्हा कुठे तुमच्या जिवात जीव येतो.

रविवारी कूच होतं. घोडा अजून तुमच्याच हातात आहे.

किती माल गेला याचा हिशेब सुरतेत पुढे बरेच दिवस चालतो. वखार राखल्याबद्दल इंग्रजांचा मुख्य जॉर्ज ऑक्झेंडन याला कंपनी सोन्याचं पदक देते, औरंगजेब इंग्रजांना जकातीत सूट देतो. पाच वर्षांनी ऑक्झेंडन सुरतेतच मरतो. कतारगामच्या वाटेवर त्याची आणि त्याच्या भावाची घुमट-खांबांची दुमजली कबर आजही उभी आहे. जरूर बघा, देखणी आहे. बघताना एवढंच ध्यानात असू द्या की हा दिमाख व्यापाऱ्यांचा आहे. त्या घोड्याच्या स्वाराचं नाव इथे शोधू नका.

१६७० च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरत, आणि लूट घेऊन परतताना वणी-दिंडोरीला मुघल सरदार दाऊदखानाशी झुंज. तिथून जे गावी पोचले त्यांच्याबरोबर चाला. देवळाशेजारी जुना वीरगळ आहे: खाली लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. नाव बहुतेक वीरगळांवर नसतंच. ज्यांनी दगड उभा केला त्यांना ते माहीत होतं, त्यांच्या नातवंडांपर्यंत पोचलंही असेल.

आता अडीचशे वर्षं ओलांडा. तुम्ही एकशेतीन, एकशेदहा किंवा एकशेसतरा क्रमांकाच्या मराठा पलटणीतले आहात, टायग्रिसच्या काठी कुत-अल-अमाऱ्यात. वेढा डिसेंबर १९१५ पासून पडलाय. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीनं खंगलेली फौज शरण जाते. वेढ्यात, कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत जे गेले त्यांच्यासाठी पुढे बसऱ्याला स्मारक झालं. भिंतीवर गोऱ्यांची नावं आली, हिंदी अधिकाऱ्यांचीही आली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. शतकभर आधी, १८१८ च्या लढाईनंतर, त्याच इंग्रजांनी कोरेगावच्या स्तंभावर महार शिपायांची नावं कोरली होती. म्हणजे कसं कोरायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही.

मेलेल्या सैनिकांसाठी वर्षातला एक दिवस ही रीत आपल्याकडे याच पहिल्या महायुद्धातून आली. ११ नोव्हेंबर १९१९ ला अकराच्या ठोक्याला साम्राज्यभर दोन मिनिटं स्तब्ध राहण्याचं आवाहन राजानं केलं. १९२१ पासून विलायतेत छातीला खसखशीचं लाल फूल आणि जखमी-निवृत्त सैनिकांसाठी वर्गणी. फूल हिंदुस्थानातही आलं. शेजारी सिलोनमध्ये १९३१ साली लोकांनी सरळ विचारलं, हा पैसा जातो कुणाकडे? बहुतेक गोऱ्यांकडे, असं उत्तर आल्यावर त्यांनी ११ नोव्हेंबरलाच सुरियाची पिवळी फुलं विकायला काढली. मला हा प्रश्न दोन मिनिटांच्या शांततेपेक्षा मोलाचा वाटतो.

आपल्याकडे उत्तर १९४९ च्या ऑगस्टमध्ये आलं. संरक्षणमंत्र्यांच्या समितीनं ७ डिसेंबर हा ध्वजदिन ठरवला, फुलाच्या जागी कागदी झेंडा आला: लाल, गडद निळा, फिकट निळा, तिन्ही दलांचे. सुट्टी दिली नाही. बरंच झालं. सुट्टी असती तर तुम्ही सुरतेजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर भजी खात बसला असता.

तर ७ डिसेंबर, आजचा. तुम्ही सुरतेतल्या उधन्याला रेल्वेतून उतरता. हीच लाइन तापीच्या कडेकडेनं नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जाते आणि तिकडचीच माणसं इथल्या लूमवर उभी आहेत. लिंबायतेतली एनसीसीची पोरगी पेटी पुढे करते.

"काका, झेंडा लावू?"

"सुट्टे नाहीत गं."

"मोठी नोटपण चालते."

नोट घडी करून फटीतून आत सरकवावी लागते. नावांचं म्हणाल तर, दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात २०१९ ला उद्घाटनाच्या वेळी २५,९४२ नावं ग्रॅनाइटवर कोरलेली होती, स्वातंत्र्यानंतर पडलेल्यांची. तिथे आता शिपाई आणि अधिकारी एकाच भिंतीत आहेत. हे काम उशिरा का होईना, झालं. पण भिंत कुणाची फी भरत नाही. ते या पेटीच्या वाट्याला आलंय. सैनिकांच्या विधवा, हवालदारापर्यंतचे निवृत्त सैनिक, त्यांच्या मुलांची शिक्षणं, मुलींची लग्नं, आजारपणं. ध्वजदिन निधीतून ही मदत होते, अर्ज करावा लागतो, कागद जोडावे लागतात.

तुमच्या मागचा कापडवाला शेटजी पाकीट काढता काढता विचारतो, ऐंशी-जीची पावती मिळेल का? पोरगी गोंधळून तिच्या सरांकडे बघते. हसू नका त्याला. सरळ निधीला रक्कम पाठवली की करसवलत मिळू शकते, आणि पावतीच्या आशेनं तो पेटीत टाकली असती त्यापेक्षा चार शून्यं जास्त लिहील. सुरत आहे ही.