पेव : धान्य लपवण्याच्या डावाची कुळकथा

पेव म्हणजे जमिनीखाली खोदलेले धान्याचे कोठार. त्याचे तोंड माणूस जेमतेम उतरेल इतके अरुंद आणि पोट रुंद असते; आत कडब्याचा थर देऊन ज्वारी भरली जाते आणि तोंडावर दगड बसवून माती लिंपली जाते. बंद पेवातला प्राणवायू धान्य व किडे यांच्या श्वसनाने संपत जाऊन कर्बवायू साचतो, त्यात कीड मरते. म्हणूनच पेव उघडल्यावर आत वारा खेळू न देता उतरणे जिवावर बेतते.

टिकवण्याइतकेच दडवण्यासाठीही पेव उपयोगी पडे. इंद्रायणीकाठचे चऱ्होली पुणे आणि चाकण यांच्या दरम्यान आहे. १६६० मध्ये शाएस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला सुमारे ५६ दिवस वेढा घातला, आणि अशा फौजांच्या दाणागोट्याचा भार चऱ्होलीसारख्या आसपासच्या गावांवरच पडत असे. घराच्या जमिनीखालचे, सारवणाने झाकलेले पेव वरून दिसत नाही, मात्र ते एकदा सापडले की सारे वर्ष हातचे जाते.

लपवणारा आणि शोधणारा यांच्यातल्या या झगड्याचे गणित जॉन फॉन नॉयमन यांच्या १९२८ च्या प्रमेयापासून मांडता येऊ लागले, आणि १९५३ मध्ये त्यांनी लपाछपीच्या खेळाचाच विचार केला. पुढे स्टीव्ह आल्पर्न व सहकाऱ्यांनी दाणे पुरणाऱ्या खारीचा डाव अभ्यासला. समजा, जागा चार आहेत आणि शोधणाऱ्याला दोनच खणता येतात. लपवणाऱ्याने जागा निव्वळ दैवावर सोपवून निवडली, ज्याला मिश्र डावपेच म्हणतात, तर एकच पेव सापडण्याची शक्यता निम्मी राहते. तेच धान्य दोन पेवांत विभागले तर सरासरी नुकसान तेवढेच होते, पण दोन्ही सापडण्याची शक्यता सहांत एक इतकीच उरते, आणि पुढच्या पेरणीचे बियाणे वाचवू पाहणाऱ्या घराला सरासरीपेक्षा सर्वनाश टळणे कितीतरी मोलाचे असते.

हे गणित शोधणाऱ्याकडे केवळ कुदळ आहे असे धरून चालते. पेंढाऱ्यांनी गावकऱ्यांचा छळ करून दडवलेली चीजवस्तू त्यांच्याच तोंडून वदवून घेतली, तर १९३२-३३ च्या युक्रेनमध्ये सरकारी पथके लोखंडी सळया जमिनीत खुपसून पुरलेले धान्य हुडकत; एकाने खोदण्याचा खर्च टाळला, दुसऱ्याने तो जवळजवळ शून्यावर आणला, आणि दोन्हीकडे चार जागांचा हिशेब कोलमडला.

सांगलीजवळच्या हरिपूरला पेव लपवणुकीतून सुटले आणि हळदीच्या उघड व्यापाराचे कोठार बनले. तेथे व्यापाऱ्याला जागा दडवावी लागत नसे, मात्र नदीपासून ती वाचवणे त्याच्या हाती नव्हते, आणि २००५ च्या महापुरात पाणी थेट पेवांत शिरून हळदीची नासाडी झाली.