थंडीशी सामना : गडचिरोलीचे आरोग्यदूत

भद्रावतीपासून गडचिरोलीपर्यंतचा वनपट्टा उन्हाळ्यासाठीच ओळखला जात असला, तरी नवजात बाळांची कसोटी हिवाळाही पाहतो. अल्पतापमान, म्हणजे बाळाचे अंग धोकादायक पातळीपर्यंत गार पडणे, आणि न्यूमोनिया हे त्या ऋतूतले मोठे धोके. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ च्या सुमारास गावपातळीवर न्यूमोनियाचे उपचार सुरू केले, तेव्हा आकडेमोड न येणाऱ्या सुईणींसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी जोडलेले श्वासमापक तयार केले : दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजायचा. शिक्षणाच्या अटीवर अडून न बसता केलेली ही योजना विशेष दाद देण्याजोगी होती. १९९५ पासून प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रिया तापमापक व बाळाची उबदार पिशवी घेऊन घरोघरी जाऊ लागल्या. २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत घरच्या घरी नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर स्वीकारला गेला.